पार्श्वभूमी : वृद्धाश्रमाची तपासणी भिंतींकडून माणसापर्यंत कशी आली

वृद्धाश्रमाच्या तपासणीत आज अग्निसुरक्षा, नळाच्या पाण्याचं तापमान, महिन्याचं वजन, कूस बदलल्याच्या नोंदी, बांधून ठेवण्यावरचे निर्बंध असे रकाने असतात. ते एका बैठकीत ठरलेले नाहीत. कशामागे दुर्घटना आहे, कशामागे अभ्यास, कशामागे कायदा. आधी इमारत तपासली गेली, मग कागद. तिथे राहणाऱ्या माणसाचं नेमकं काय होतंय हा प्रश्न फार उशिरा आला. आजही गुणवत्तेत गफलत होते ती बहुतेकदा हा क्रम उलटा न केल्यामुळे.

इंग्लंडमध्ये १८३४ च्या गरीब कायद्यानं वर्कहाऊसची, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवून घेणाऱ्या गृहांची व्यवस्था पक्की केली. आतलं जिणं बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जिण्यापेक्षा सुखाचं असता कामा नये, हे तिचं उघड तत्त्व होतं. निराधार म्हातारी माणसं त्याच छपराखाली आली. पुढे या संस्थांना जोडून आजाऱ्यांचे कक्ष निघाले आणि वृद्ध माणसं तिथे वर्षानुवर्षं अंथरुणात पडून राहू लागली.

१९३५ मध्ये लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे अशा जुन्या कक्षांतले ७१४ रुग्ण आले. डॉ. मार्जरी वॉरन यांनी त्यांना एकेक करून तपासलं आणि गरजेप्रमाणे त्यांचे गट पाडले. बरेच जण अंथरुणाला खिळले होते ते मूळ आजारामुळे नव्हे, तर अंथरुणातच ठेवल्यामुळे. स्नायू झिजलेले, गुडघे आखडलेले, पाठीला जखमा. वॉरन यांनी त्यांना उठवून बसवलं, चालवलं, आणि अनेक जण तिथून बाहेर पडू शकले. हे काम त्यांनी १९४३ पासून लेखांतून मांडलं. ‘पडून राहू द्या, सुरक्षित आहेत’ ही समजूत चुकीची आहे हे तेव्हाच दिसलं होतं. ती समजूत अजून गेलेली नाही.

१९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्यानं स्थानिक संस्थांवर वृद्धांसाठी निवासाची जबाबदारी टाकली. पंचवीस-तीस जणांची छोटी घरं उभारायची, असा बेत होता. समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंड-वेल्समधल्या १७३ संस्था पाहिल्या. त्यांचा अभ्यास १९६२ मध्ये आला तेव्हा जुन्या वर्कहाऊसच्याच इमारतींत वृद्ध अजून राहत असल्याचं पुढे आलं.

१९६२ मध्येच परिचारिका डोरीन नॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, रुग्णालयातल्या वृद्धांच्या शुश्रूषेवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बेडसोअर, म्हणजे सतत पडून राहिल्यानं होणारी जखम, होऊ नये म्हणून पाठीला नाना लेप चोळायची रीत होती. लेपांनी फारसं काही होत नाही, वेळेवर कूस बदलल्यानं होतं, हे या कामातून पुढे आलं. नॉर्टन मापनही त्यातलंच : शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, चालणं-फिरणं, अंथरुणातली हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा, प्रत्येकाला १ ते ४ गुण. बेरीज ५ ते २० मध्ये येते. १४ किंवा त्याखाली आली की जखमेचा धोका.

पुढे ‘दर दोन तासांनी कूस’ हे जणू वेदवाक्यच झालं. चांगल्या दर्जाच्या फोमच्या गादीवर, त्वचा धडधाकट असेल तर तीन-चार तासांचं अंतरही चालतं, असं नंतरच्या अभ्यासांत दिसलं. म्हणून अंतर किती हे माणूस आणि गादी पाहून ठरवायचं. कसं वळवता, हे तितकंच महत्त्वाचं. पूर्ण कुशीवर झोपवलं तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी देऊन अंदाजे ३० अंशांवर कलतं ठेवायचं. टाचा तरंगत्या राहाव्यात म्हणून उशी पोटरीखाली द्यायची, टाचेखाली नाही. वर सरकवताना काखेत धरून ओढू नये, दोघांनी चादरीनं उचलावं, नाहीतर घासून कातडी सोलवटते. माकडहाडावर लाली दिसली तर बोटानं दाबून सोडायचं. क्षणभर फिकी पडून परत आली तर रक्त खेळतंय. फिकी पडतच नसेल तर जखमेची पहिली पायरी सुरू झाली आहे. सावळ्या त्वचेवर लाली लपते. तिथे आजूबाजूपेक्षा गरम किंवा गार लागणं, भाग घट्ट किंवा मऊ लागणं आणि दुखणं यांवर भिस्त ठेवावी लागते.

अमेरिकेतला रस्ता वेगळा होता. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातलं वृद्धांचं अर्थसाहाय्य सरकारी संस्थांत राहणाऱ्यांना मिळत नव्हतं. परिणामी खासगी घरं वाढली. राज्यांनी अशा संस्थांवर मानकं आणि देखरेख ठेवावी, ही अट १९५० च्या दुरुस्तीत आली. तरी आगी लागतच होत्या. फेब्रुवारी १९५७ मध्ये मिसूरीतल्या वॉरेंटन इथल्या आगीत ७२ जण गेले, नोव्हेंबर १९६३ मध्ये ओहायोतल्या फिचव्हिल इथे ६३. अशा आगीत ‘सगळ्यांना बाहेर काढा’ हा बेत बहुधा फसतो : रात्री कर्मचारी मोजके, निवासी स्वतः जिना उतरू शकत नाहीत आणि धूर ज्वाळांच्या आधी पोचतो. आधी त्याच मजल्यावर धूर अडवणाऱ्या दारापलीकडच्या भागात न्यायचं, मग गरज पडली तर खाली, ही पद्धत म्हणूनच रूढ झाली. दार उघडं राहावं म्हणून त्याला पाचर किंवा खुर्ची लावली की ती सगळी योजना फुकट जाते. अमेरिकेतल्या सर्व नर्सिंग होममध्ये (तिथे याचा अर्थ शुश्रूषेची सोय असलेले वृद्धाश्रम) स्प्रिंकलर, म्हणजे आग लागताच छतातून आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा, असण्याची केंद्रीय सक्ती ऑगस्ट २०१३ पासून, म्हणजे फिचव्हिलनंतर जवळपास ५० वर्षांनी लागू झाली.

पाण्याचा रकाना असाच. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात न्यूमोनियाची साथ आली आणि पुढच्या वर्षी लिजिओनेला जिवाणू ओळखला गेला. कोमट साठलेल्या पाण्यात तो वाढतो, म्हणून टाकीतलं पाणी ६० अंश सेल्सिअसला ठेवायचं. पण तेच नळातून आलं तर वृद्धाची पातळ त्वचा काही सेकंदांत भाजते. म्हणून नळाजवळ मिश्रण करणारा व्हॉल्व्ह बसवून आंघोळीच्या टबात ४४ अंशांच्या वर पाणी येऊ द्यायचं नाही, हा ब्रिटनमधला दंडक. व्हॉल्व्ह क्षार साचून अडकतो. आंघोळीआधी दरवेळी थर्मामीटर बुडवण्याला तो पर्याय नाही.

१९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या सरकारी आरोग्य योजना आल्या आणि अमेरिकेत सरकारी पैसा मोठ्या प्रमाणात या संस्थांत जाऊ लागला. १९६६ मध्ये आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे अभ्यासक अव्हेडिस डोनाबेडियन यांनी गुणवत्ता तीन अंगांनी पाहायची मांडणी केली : साधनं, प्रक्रिया, परिणाम. नर्सिंग होमच्या तपासणीत तेव्हा साधनांवरच जोर होता. १९८६ च्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या अमेरिकी सल्लागार संस्थेच्या अहवालानं हे बदलायला सांगितलं आणि १९८७ च्या अखेरीस कायदा झाला. दाखल झाल्यापासून १४ दिवसांत प्रत्येकाचं ठरावीक नमुन्यातलं मूल्यमापन, दर तिमाहीला उजळणी, काळजीवाहकांना किमान ७५ तासांचं प्रशिक्षण, आणि शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कुणालाही बांधायचं नाही.

त्या मूल्यमापनातला साधा दिसणारा रकाना वजनाचा. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के घट ही धोक्याची घंटा. ५० किलोच्या बाईंचं महिन्यात अडीच किलो कमी झालं की कारण शोधायलाच हवं : कवळी सैल झाली आहे का, गिळताना ठसका लागतो का, ताट हाताला पोचतं का. पण आकडा फसवा निघतो तो चाकाच्या खुर्चीचं वजन वजा न केल्यानं किंवा दरवेळी वेगळा काटा वापरल्यानं. एकच काटा, एकच वेळ, सारखेच कपडे हवेत.

बांधण्याची गोष्ट थोडी थांबून सांगायला हवी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नर्सिंग होममधल्या सुमारे ४० टक्के निवाशांना पट्टे, जाकिटं किंवा अडकवलेल्या ट्रेच्या खुर्च्या लावल्या जात. कारण एकच दिलं जाई : पडू नयेत. कायद्यानंतर हे प्रमाण घटत गेलं आणि २०१० पर्यंत ५ टक्क्यांखाली आलं. पट्टे काढल्यानं गंभीर इजा वाढल्या नाहीत. बांधलेल्या माणसाचे पाय दुबळे होतात. सुटायची धडपड करताना तो खाली सरकतो आणि पट्टा छातीवर किंवा गळ्याशी येतो. पलंगाचे कठडेही निर्धोक नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १९८५ ते २००८ या काळात पलंगाच्या कठड्यांत अडकल्याच्या ८०३ घटना नोंदल्या गेल्या, त्यांत ४८० मृत्यू. म्हणून कठड्याच्या गजांमधलं आणि कठडा-गादीमधलं अंतर १२० मिलिमीटरपेक्षा कमी असावं, असं मार्गदर्शन २००६ मध्ये आलं. गादी बदलली की हे माप पुन्हा घ्यायचं. नवी गादी मऊ किंवा अरुंद असली की फट वाढते आणि कुणाच्या ध्यानात येत नाही.

जपाननं २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषा विमा सुरू करताना बांधण्याला मनाई केली आणि अपवादासाठी तीन अटी एकत्र मागितल्या : धोका अगदी समोर असावा, दुसरा उपाय नसावा, आणि ते तात्पुरतं असावं. मला ही मांडणी सर्वांत वापरण्याजोगी वाटते, कारण ती पाळीवरच्या माणसालाही जागच्या जागी लावून पाहता येते.

पट्टे गेले तिथे काही ठिकाणी गोळ्या आल्या. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत मनोविकारविरोधी औषधांनी मृत्यूचा धोका सुमारे १.६ ते १.७ पट होतो, असा ठळक इशारा २००५ मध्ये अमेरिकेत नव्या पिढीच्या औषधांवर छापला गेला. २००८ मध्ये जुन्या औषधांवरही. माणूस संध्याकाळी अस्वस्थ होतो तेव्हा आधी दुखणं, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, संसर्ग पाहायचा. गोळी नंतर.

उणिवा सांगायच्या कुणी? स्वीडनमध्ये १९९७ मध्ये सारा वेगनर्ट या परिचारिका सहायकेनं आपल्या संस्थेतली हेळसांड जाहीरपणे मांडली. तिच्या नावानं ओळखला जाणारा ‘लेक्स साराह’ नियम १९९९ पासून लागू झाला. त्यामुळे गंभीर त्रुटी कळवणं हे कर्मचाऱ्याचं कर्तव्य ठरलं. २०२० च्या कोविडनं दुसरी बाजू दाखवली : कमी पगारामुळे एकाच वेळी दोन-तीन संस्थांत काम करणारे कर्मचारी संसर्ग नकळत घेऊन फिरतात. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियानं त्याच वर्षीच्या मार्चमध्ये एका कर्मचाऱ्यानं एकाच संस्थेत काम करावं, असा आदेश काढला.

वृद्धांच्या देखभालीची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाचा अंतिम अहवाल २०२१ मध्ये आला आणि मोजमाप थेट मिनिटांवर आलं. ऑक्टोबर २०२३ पासून प्रत्येक निवाशामागे दिवसाला सरासरी २०० मिनिटं, त्यात नोंदणीकृत परिचारिकेची ४०. वर्षभरानं २१५ आणि ४४. हा आकडा मोठा वाटतो. पण भरवावं लागणाऱ्या माणसाला तीन जेवणांना दीड तास, आंघोळ-कपड्यांना अर्धा तास आणि शौचालयाच्या सहा फेऱ्यांना तासभर धरा, की १८० मिनिटं संपतात. औषधं, कूस, मलमपट्ट्या, नोंदी उरलेल्या पस्तीसमध्ये. शिवाय ही सरासरी आहे, दिवसाची भरपाई रात्रीची तूट झाकते. तपासणाऱ्यानं रात्रीच्या पाळीची मिनिटं वेगळी मागावीत आणि कूस बदलल्याच्या पहाटेच्या नोंदी एकाच शाईत, एकाच बैठकीत भरल्यासारख्या दिसतात का, ते त्याच वेळी पाहावं.