पार्श्वभूमी : मालिकेतला देखणा चेहरा आणि 'नट' म्हणून मिळणारी मान्यता

१ ऑगस्ट २०२५ रोजी ७१ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले आणि सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान दोघांत विभागला गेला. 'जवान'साठी शाहरुख खान आणि 'ट्वेल्थ फेल'साठी विक्रांत मॅसी. शाहरुखला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हा पुरस्कार मिळाला, त्यामुळे बातम्यांचा सगळा भर त्याच्यावर राहिला. या दोघांना जोडणारा एक धागा मात्र मागेच पडला. दोघेही मालिकांतून आलेले आहेत. शाहरुख १९८९ मध्ये दूरदर्शनच्या 'फौजी'तून घराघरांत पोचला. विक्रांत 'धरमवीर' आणि 'बालिका वधू'मधून. दोघांच्याही पहिल्या चाहत्यांनी त्यांना घरातल्या टीव्हीवरच पाहिलं होतं.

आमच्या कोल्हापुरात हा विषय निघाला की गप्पा आधी 'तुझ्यात जीव रंगला' मालिकेतल्या राणादावर येतात आणि लगेच अभिनेता आर. माधवनकडे वळतात. माधवनचं नाव निघालं की कुणीतरी हमखास म्हणतं, "आपल्या राजारामचा हाय त्यो." हे म्हणण्यात अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण राजाराम कॉलेजात शिकलेला पोरगा मालिकांमधून बाहेर पडून गंभीर नट म्हणून मान्य व्हायला किती काळ गेला आणि तो काळ कशात गेला, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून ही थोडी मागची हकीकत.

मालिकेतल्या नटाकडे बघण्याची सिनेमावाल्यांची एक जुनी नजर आहे. रोज घरात फुकट दिसणारा चेहरा बघायला तिकीट काढून कोण येणार, हा तो हिशेब. निर्मात्याच्या दृष्टीने तो अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. त्यात चेहरा देखणा असेल तर अडचण दुप्पट होते, कारण देखणेपणाचं श्रेय आईबापांना जातं आणि अभिनयाकडे कुणी बघतच नाही. माझ्या मते खरी अडवणूक इथे आहे. माध्यम बदलता येतं, पण लोकांच्या मनात एकदा बसलेली ओळख बदलायला त्या ओळखीच्या विरुद्ध काम करून दाखवावं लागतं. एकदा करून भागत नाही, पुन्हा पुन्हा करावं लागतं.

टीव्ही यायच्या आधीही कोल्हापूरने हे पाहिलेलं आहे. अरुण सरनाईक कोल्हापूरचे. वडील शंकरराव सरनाईक संगीत रंगभूमीवरचे गायक-नट, त्यामुळे सूर आणि ताल घरातच होते. रूप इतकं की पडद्यावर आले की नजर हलत नसे. मराठी सिनेमाने त्यांना वर्षानुवर्षं रुबाबदार नायक म्हणूनच वापरलं. फेटा, गाणं, नायिकेशी छेडछाड. मग १९७९ चा जब्बार पटेलांचा 'सिंहासन' आला. त्यात सरनाईक मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे झाले. समोर डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले. या माणसाने आपलं देखणेपण त्या भूमिकेत अंगावरच्या खादीसारखं सहज वागवलं. सत्ता टिकवताना आतून थकत गेलेला, कुणावर विश्वास ठेवावा हे न उमगणारा मुख्यमंत्री त्यांनी फारसा आवाज न चढवता उभा केला. १९८४ मध्ये मोटार अपघातात ते गेले. 'सिंहासन'नंतर त्यांना जेमतेम पाच वर्षं मिळाली. आजही तो सिनेमा पाहताना ही गोष्ट मला फार लागते.

माधवनची गोष्ट इथून पुढे येते. तो मूळचा जमशेदपूरचा, तमिळ घरातला, १९७० चा जन्म. राजाराम कॉलेजातून त्याने इलेक्ट्रॉनिक्समध्ये बीएस्सी केलं. मधल्या काळात १९८८ मध्ये विद्यार्थी देवाणघेवाणीच्या शिष्यवृत्तीवर कॅनडात एक वर्ष काढलं. एनसीसीत तो महाराष्ट्रातल्या उत्कृष्ट छात्रांत गणला गेला आणि त्यानिमित्ताने इंग्लंडला जाऊन तिथल्या सैन्यदलांसोबतचं प्रशिक्षणही घेऊन आला. त्याला सैन्यातच जायचं होतं, पण वयाच्या अटीत थोडक्यात हुकलं. मग तो कोल्हापुरात वक्तृत्वाचे आणि व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग घेऊ लागला. त्याची पत्नी सरिता बिर्जे पहिल्यांदा भेटली ती अशाच एका वर्गात विद्यार्थिनी म्हणून. १९९९ मध्ये त्यांचं लग्न झालं. १९९२ मध्ये टोकियोत भरलेल्या तरुण उद्योजकांच्या परिषदेत त्याने भारताचं प्रतिनिधित्व केलं, तेही वक्तृत्वाच्या जोरावर.

हे वर्ग मला महत्त्वाचे वाटतात. नाट्यशाळेत न गेलेल्या या मुलाने वीस-पंचवीस अनोळखी माणसांसमोर उभं राहून त्यांचं लक्ष धरून ठेवणं, आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचं, हे याच शहरात रोज केलं. पुढे पडद्यावर त्याचं बोलणं इतकं सहज वाटतं त्याची मुळं इथे असावीत, असं मी मानतो.

मुंबईत गेल्यावर त्याला मालिका मिळाल्या. २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू झालं होतं, खाजगी वाहिन्यांना तरुण चेहरे हवे होते. 'बनेगी अपनी बात', 'घर जमाई', 'साया', आणि दूरदर्शनवर तटरक्षक दलावरची 'सी हॉक्स'. सैन्यात जायचं राहिलेला मुलगा तिथे गणवेशात दिसला. आमच्या गल्लीत तेव्हा 'सी हॉक्स' लागली की पोरं खेळ टाकून घरात पळायची, आणि ताया-मावश्या तर तारखा लक्षात ठेवून बसायच्या. 'बनेगी अपनी बात'मध्ये इरफान खानही होता. एनएसडीतून, म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून, बाहेर पडलेला इतका मोठा नट वर्षानुवर्षं मालिकाच करत राहिला. 'द वॉरियर' २००१ मध्ये आला, 'हासिल' आणि 'मकबूल' २००३ मध्ये. एकाच मालिकेतले हे दोघे, एक रूपामुळे लक्षात राहिलेला आणि दुसरा रूपाच्या रूढ चौकटीत न बसणारा, आणि वाट दोघांनाही पाहावी लागली.

माधवनच्या वाटेत नकारही होते. छायालेखक संतोष सिवन यांनी त्याला एका चंदन पावडरच्या जाहिरातीत घेतलं आणि दिग्दर्शक मणिरत्नम यांच्याकडे नाव सुचवलं. 'इरुवर'साठी चाचणी झाली, पण डोळे फार कोवळे दिसतात म्हणून ती भूमिका हुकली. देखणेपणाची किंमत अशीही मोजावी लागते. त्याच मणिरत्नम यांनी पुढे 'अलैपायुदे'त त्याला नायक केलं. १४ एप्रिल २००० रोजी तो सिनेमा लागला आणि तमिळनाडूत रातोरात त्याचे फोटो मुलींच्या वह्यांत गेले.

या तारखेला आणखी एक अर्थ आहे. अवघ्या अडीच महिन्यांनी, ३ जुलै २००० ला, 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली आणि हिंदी टीव्हीचं गणित पालटलं. माधवनच्या काळातल्या मालिका आठवड्याला एक भाग दाखवायच्या. नटाला मधले दिवस मोकळे मिळायचे, चाचण्या देता यायच्या, जाहिराती करता यायच्या, वाचता यायचं. दैनंदिन मालिकांनी ते दिवस खाऊन टाकले. माधवन त्या वळणाच्या अलीकडेच बाहेर पडला. विक्रांत मॅसी आणि सुशांतसिंह राजपूत यांच्या वाट्याला पलीकडचा काळ आला. 'पवित्र रिश्ता'तला मानव देशमुख हा मराठी मेकॅनिक करून सुशांत घराघरांत पोचला होता. ती चालती मालिका सोडून तो बाहेर पडला आणि 'काय पो चे' यायला २०१३ उजाडलं. महिन्याचा पक्का पगार, रोजचं कौतुक सोडून द्यायला काय छातीचा माणूस लागतो!

माधवनला मात्र टीव्हीने दुसऱ्यांदा गाठलं. 'रहना है तेरे दिल में' ऑक्टोबर २००१ मध्ये आला तेव्हा थिएटरात पडला. मग वाहिन्यांनी तो वारंवार दाखवला, आणि एक अख्खी पिढी 'मॅडी'च्या प्रेमात पडली. सिनेमातल्या नायकाचं हे लाडकं नाव त्याला कायमचं चिकटलं. हिंदी प्रेक्षकाच्या मनातला 'चॉकलेट हिरो' अशा रीतीने घरातल्या टीव्हीनेच घडवला.

तमिळमध्ये मात्र त्याच सुमारास तो वेगळं काही करत होता. फेब्रुवारी २००२ च्या 'कन्नत्तिल मुत्तमिट्टाल'मध्ये तो बाप झाला. दत्तक मुलीला तिची जन्मदाती शोधून द्यायला तिला घेऊन श्रीलंकेच्या युद्धात जाणारा लेखक. तेव्हा त्याचं वय एकतीस. प्रेमकथांचे नायक या वयात पडद्यावर मुलांचे बाप होत नाहीत, त्यांना तशी भीती असते. २००४ च्या 'आयुध एळुत्तु'त तो गुंड झाला, बायकोवर हात उगारणारा. डिसेंबर २००७ मध्ये 'एवनो ओरुवन' आला. हा आपल्या 'डोंबिवली फास्ट'चा तमिळ अवतार, दिग्दर्शक तोच, निशिकांत कामत. मराठीत संदीप कुलकर्णीने केलेला माधव आपटे माधवनने तमिळमध्ये केला आणि निर्मितीतही स्वतः उतरला. लोकलने ये-जा करणारा, रोजच्या भ्रष्टाचाराने सटकलेला बँकेतला कारकून. या भूमिकेत देखणेपणाचा काडीचा उपयोग नव्हता. मला वाटतं, म्हणूनच त्याने ती घेतली असावी. मराठी प्रेक्षकाने हे दोन्ही सिनेमे पाठोपाठ पाहावेत.

'रंग दे बसंती' आणि 'थ्री इडियट्स' सगळ्यांनी पाहिलेत, त्यावर वेगळं लिहायला नको. जानेवारी २०१६ मध्ये मोठा बदल दिसला. सुधा कोंगरा यांच्या 'इरुधी सुट्रू'त, हिंदीत 'साला खडूस', तो मुष्टियुद्धाचा प्रशिक्षक झाला. वाढलेलं अंग, पिकू लागलेली दाढी, तोंडात शिव्या, आणि एका झोपडपट्टीतल्या पोरीत चॅम्पियन पाहणारी नजर. कोल्हापूरच्या माणसाला हा माणूस ओळखीचा वाटतो. आमच्या तालमीतले वस्ताद असेच असतात. कौतुक मनात ठेवतात, ओरडणं तोंडावर. २०१७ ला 'विक्रम वेधा'त विजय सेतुपतीसमोर तो ताकदीने उभा राहिला, तेव्हा चॉकलेट हा शब्द मागे पडला होता.

'रॉकेट्री' १ जुलै २०२२ चा. लेखक, दिग्दर्शक आणि प्रमुख नट तोच. १९९४ च्या खोट्या हेरगिरी प्रकरणात अडकवले गेलेले इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांचं तारुण्यापासून म्हातारपणापर्यंतचं आयुष्य. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यांना ५० लाखांची भरपाई द्यायला लावली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला आणि पुढच्याच महिन्यात माधवन पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट आणि दूरचित्रवाणी शिकवणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष झाला. इथे एक बारकावा आहे. तो पुरस्कार चित्रपटाला होता. त्या वर्षी अभिनेत्याचा पुरस्कार 'पुष्पा'साठी अल्लू अर्जुनला गेला. सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेचा अध्यक्ष म्हणून माधवनची निवड होते, पण अभिनयाची राष्ट्रीय मोहोर तेव्हा त्याच्या नावावर लागली नाही, हे मला अजून खटकतं.

आता आमच्या घरचं. ऑक्टोबर २०१६ ते जानेवारी २०२१ 'तुझ्यात जीव रंगला' झी मराठीवर चालली. चित्रीकरण करवीर तालुक्यातल्या वसगडे गावात. तिथला वाडा बघायला गाड्या भरून माणसं यायची. हार्दिक जोशीने केलेला राणादा, त्याचं 'चालतंय की', लाजरं हसणं, यांनी महाराष्ट्राला वेड लावलं. चार वर्षांहून जास्त काळ आठवड्यातले बहुतेक दिवस एकच पात्र जगायचं म्हणजे काय ते सेटवर जाऊन बघावं. बारा-बारा तासांची शिफ्ट. सीनचे कागद पुष्कळदा त्याच सकाळी हातात पडतात. आधी मास्टर, म्हणजे सगळा प्रसंग एकत्र टिपणारा शॉट, मग सजेशन, म्हणजे एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याला टिपणारा, मग प्रत्येकाचे क्लोज, वर रिअ‍ॅक्शन. एपिसोडची बँक, म्हणजे आगाऊ चित्रित केलेल्या भागांचा साठा, संपत आली की सगळ्यांचा जीव टांगणीला. टीआरपी घसरला की कथेचा ट्रॅक बदलतो आणि काल भित्रा असलेला माणूस आज शूर होतो. पात्राला शेवट माहीत नसतो, त्यामुळे नटाला त्याचा आलेख आखता येत नाही. एवढ्या घाईतही जे नट खरेपणा राखतात त्यांची मला मनापासून कदर आहे. हार्दिकने पुढे 'हर हर महादेव'सारखा चित्रपट केला, 'जाऊ बाई गावात'चं सूत्रसंचालन केलं. आमच्याकडे अजून त्याला राणादाच म्हणतात.

मराठीत या वर्तुळातून बाहेर पडलेलं ठळक नाव म्हणजे ललित प्रभाकर. 'जुळून येती रेशीमगाठी'तला समंजस, गोड आदित्य देसाई २०१५ पर्यंत घराघरांत लाडका होता. २०१९ मध्ये 'आनंदी गोपाळ'मध्ये तोच गोपाळराव जोशी झाला. बायकोने शिकावं म्हणून हट्टाला पेटणारा, त्या हट्टापायी तिला मारणारा, विक्षिप्त आणि तरी काळाच्या पुढचा. आदित्यवर जीव टाकणाऱ्या प्रेक्षकाला गोपाळरावांचा राग यावा, एवढं त्याने केलं.

सरनाईकांच्या मागे संगीत रंगभूमी होती, शाहरुखच्या मागे दिल्लीत बॅरी जॉन यांच्यासोबत केलेली नाटकं, इरफानच्या मागे एनएसडी. मालिका सुटल्यावर धरायला काहीतरी लागतं. कोल्हापूरच्या मुलांकडे ते होतं : शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभं केलेलं पॅलेस थिएटर, म्हणजेच १९५७ पासूनचं केशवराव भोसले नाट्यगृह. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी करून इथे उभी राहिलेली किती तरी मुलं मग मालिकांत छोट्यामोठ्या भूमिकांत दिसली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती आणि शहरातले नट राखेसमोर उभे राहून रडत होते. पुनर्बांधणी हाती घेतली गेली. ते पुन्हा उघडेपर्यंत आमची पोरं शाहू स्मारकात, देवल क्लबात, शाळांच्या हॉलमध्ये तालमी करत आहेत, आणि त्यातली काही संध्याकाळच्या गाडीने ऑडिशनला मुंबईला जातात.