दोन लाइनी, एक फायरवॉल: फेलओव्हर वेगळं, लोड बॅलन्सिंग वेगळं

दोन कंपन्यांच्या इंटरनेट लाइनी एकाच फायरवॉलला (आतलं नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामध्ये बसून वाहतूक तपासणारं यंत्र) जोडल्या की पहिला प्रश्न ठरलेला असतो: आता दोन्हींचा वेग एकत्र मिळेल ना? नाही मिळत. १०० आणि ५० एमबीपीएस जोडून १५० एमबीपीएसची एक लाइन तयार होत नाही, आणि हे आधी कळलं नाही तर पुढचे सगळे नियम चुकीच्या अपेक्षेवर लिहिले जातात.

फेलओव्हरमध्ये एक लाइन कामावर असते आणि दुसरी राखीव. पहिली पडली तरच वाहतूक दुसरीवर जाते. लोड बॅलन्सिंगमध्ये दोन्ही कामावर असतात आणि फायरवॉल प्रत्येक नवं कनेक्शन त्यांपैकी एकीवर टाकते. वाटणी पॅकेटांची (डेटाच्या छोट्या तुकड्यांची) होत नाही, कनेक्शनांची होते. एकच मोठी फाइल एकाच कनेक्शनवरून उतरवत असाल, तर ती ज्या लाइनीवर पडली तिच्याच वेगाने उतरेल. पुष्कळ माणसं एकाच वेळी नेट वापरत असतील तेव्हाच या वाटणीचा फायदा जाणवतो.

असं का, तर प्रत्येक लाइनीचा सार्वजनिक आयपी पत्ता वेगळा. समोरचा सर्व्हर टीसीपी कनेक्शन ओळखतो ते दोन्ही टोकांच्या पत्त्यांवरून आणि पोर्टांवरून (प्रत्येक टोकाला त्या कनेक्शनसाठी वापरलेल्या क्रमांकांवरून). मध्येच पत्ता बदलला तर त्याच्या लेखी ते पॅकेट परक्याचं. म्हणूनच फेलओव्हर झाला तरी चालू कनेक्शनं तुटतातच. वेबपान पुन्हा उघडतं, पण व्हिडिओ कॉल आणि व्हीपीएन यांना नव्याने जुळावं लागतं.

पीएफसेन्स या फायरवॉल सॉफ्टवेअरमध्ये या दोन्हींतला फरक अक्षरशः एका आकड्याचा आहे, आणि माझ्या मते गोंधळाचं मूळ तिथेच आहे. गेटवे म्हणजे त्या-त्या लाइनीवरचं बाहेर जाण्याचं दार, आणि टिअर म्हणजे प्राधान्याची पायरी. गेटवे ग्रुपमध्ये दोन्ही गेटवेंना टिअर १ दिला की लोड बॅलन्सिंग, एकाला १ आणि दुसऱ्याला २ दिला की फेलओव्हर. एकाच टिअरमधली एक लाइन पडली तर वाहतूक उरलेलीवर जाते. म्हणजे लोड बॅलन्सिंग घेतलं की फेलओव्हर सोबत येतो, फेलओव्हर घेतला तर वाटणी मात्र होत नाही. वेग असमान असतील तर गेटवेंना २ आणि १ असं वजन देता येतं.

मग सरळ लोड बॅलन्सिंगच का घेऊ नये? कारण काही संकेतस्थळं, विशेषतः बँकांची, लॉगिन एका पत्त्यावरून आणि पुढची विनंती दुसऱ्यावरून आली की सत्र बंद करतात. स्टिकी कनेक्शन (एका यंत्राची कनेक्शनं एकाच लाइनीवर ठेवण्याची सोय) चालू केलं की हा त्रास कमी होतो. मला जास्त भरवशाचं वाटतं ते अशा वाहतुकीसाठी फेलओव्हर ग्रुपचा स्वतंत्र नियम लिहिणं आणि तो वर ठेवणं. नियम वरून खाली वाचले जातात, जो पहिला जुळेल तो लागू. त्याहूनही वर आतल्या नेटवर्कांसाठी गेटवे न दिलेला नियम हवा, नाहीतर शेजारच्या नेटवर्कमधल्या प्रिंटरकडे निघालेली पॅकेटंही इंटरनेटच्या वाटेला ढकलली जाऊ शकतात.

दोन्ही पद्धती ज्यावर उभ्या आहेत ती गोष्ट मात्र बहुतेक जण बघतच नाहीत: लाइन पडली हे फायरवॉलला कळतं कसं? मुळात ती गेटवेला पिंग करत राहते, म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का ते बघते. पण कित्येकदा गेटवे जिवंत असतो आणि त्याच्या पलीकडे सगळं बंद असतं. फायरवॉलला लाइन ठणठणीत दिसते, माणसं नेटविना बसलेली. म्हणून देखरेखीसाठी बाहेरचा पत्ता द्या, एका लाइनीला ८.८.८.८ (गूगलचा) तर दुसरीला १.१.१.१ (क्लाउडफ्लेअरचा). दोन्हींना एकच देऊ नका, कारण त्या पत्त्याची वाट त्या-त्या गेटवेला बांधलेली असते. पीएफसेन्सच्या मूळ मांडणीत २० टक्के पॅकेटं हरवली किंवा उत्तराला सरासरी ५०० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागला की धोक्याची मर्यादा ओलांडली असं धरतात.

चाचणी करताना फायरवॉल आणि मोडेम यांमधली केबल काढू नका, ती सगळ्यांत सोपी परिस्थिती आहे. मोडेमला बाहेरून येणारी तार काढा. मग ती परत लावा आणि आयपी फोन (इंटरनेटवरून चालणारा) बघा. मुख्य लाइन परतली तरी फोन राखीव लाइनीवरच चिकटून राहू शकतो, कारण तो सतत पॅकेटं पाठवत असल्याने जुन्या कनेक्शनची नोंद मरत नाही. तेव्हा स्टेट टेबलमधून (फायरवॉलने ठेवलेल्या चालू कनेक्शनांच्या यादीतून) त्याच्या नोंदी हाताने पुसता येतात.