कॅम्पसचं सुरक्षित वायफाय: कोणाला मिळतं, कागद कोणते लागतात आणि फोनमध्ये काय भरायचं

जुलै उजाडला की बडोद्यात नव्या मुलांचे दोन प्रश्न ठरलेले: डबा कुठला लावायचा आणि कॅम्पसचं वायफाय कसं जोडायचं. डब्याचं ज्याचं त्याने बघावं. वायफायचं सांगतो, कारण त्यात निम्मी मुलं एक ओळ चुकीची भरतात आणि तरीही जोडणी होते. खरी पंचाईत तीच.

आधी आपण कुठल्या नेटवर्कबद्दल बोलतोय ते बघू. जोडल्यावर ब्राउझरमध्ये पान उघडतं आणि मोबाइल नंबर, ओटीपी मागतं, ते साधारणपणे पाहुण्यांचं नेटवर्क. सुरक्षित नेटवर्क जोडतानाच युजरनेम आणि पासवर्ड विचारतं. प्रत्येकाचं खातं वेगळं, प्रत्येक उपकरणाची कूटकिल्ली वेगळी. सेटिंगमध्ये त्याच्यापुढे ‘डब्ल्यूपीए2 एंटरप्राइझ’, ‘डब्ल्यूपीए3 एंटरप्राइझ’ किंवा ‘802.1एक्स’ असं काहीतरी लिहिलेलं असतं.

खातं साधारणपणे चालू वर्षाची फी भरलेल्या विद्यार्थ्यांना, शिक्षक-कर्मचाऱ्यांना आणि नोंदणी झालेल्या संशोधकांना मिळतं. प्रवेश प्रोव्हिजनल असेल आणि एनरोलमेंट नंबर पडला नसेल तर थांबावं लागतं, कारण युजरनेम बहुतेक ठिकाणी त्या नंबरावरूनच बनतं. परिषदेला आलेल्या पाहुण्याला यजमान विभागाच्या पत्रावर ठरावीक दिवसांचं खातं देतात.

कागद फार नसतात: फीची पावती, विद्यापीठाचं ओळखपत्र, एखादं सरकारी फोटो ओळखपत्र आणि नियम मान्य असल्याचं सही केलेलं हमीपत्र. हॉस्टेलवाल्यांना वॉर्डनची सही आणि खोली नंबर जास्तीचा. आधारची प्रत मागितली तर मास्क्ड आधार चालतं का ते आधी विचारा. त्यात फक्त शेवटचे 4 अंक दिसतात. आणि नावं जुळवून घ्या. नंदुरबार-जळगावकडून येणाऱ्या मुलांचं नाव आधारवर एका क्रमाने आणि मार्कशीटवर दुसऱ्या क्रमाने असतं. इथल्याच घरांमध्ये गुजराती कागदावर कुलकर्णी आणि जुन्या मराठी दाखल्यावर कुळकर्णी. प्रवेशाच्या अर्जात जे नाव आहे, तेच वायफायच्या अर्जात लिहा.

‘साधं वायफाय आणि एवढी ओळखपरेड कशाला?’ असं पालक विचारतात. 26 जुलै 2008 ला अहमदाबादेत स्फोट झाले, त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना गेलेला ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराचं उघडं वायफाय वापरून पाठवलेला होता. पोलीस पोचले ते त्या घरात राहणाऱ्या बिचाऱ्या माणसाकडे. त्यानंतर वायफाय कोण वापरतंय याची नोंद ठेवण्याबाबत सरकार कडक झालं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे संस्थांना आपल्या यंत्रणांचे लॉग, म्हणजे वापराच्या नोंदी, 180 दिवस जपावे लागतात. म्हणजे तुमच्या खात्यावरून रूममेटने काही उद्योग केले, तर पहिली विचारणा तुम्हालाच. पासवर्ड उसना देऊ नका.

आता फोन. विद्यापीठाने सेटअपची फाइल किंवा अ‍ॅप दिलं असेल तर तेच वापरा, पण ते विद्यापीठाच्या वेबसाइटवरून घ्या, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून नको. तसं काही नसेल तर अँड्रॉइडवर हाताने भरावं लागतं. ईएपी मेथडमध्ये (ओळख पटवण्याची पद्धत) पीईएपी आणि फेज 2 मध्ये एमएसचॅपव्ही2 ही जोडी सर्रास दिसते. काही संस्था टीटीएलएस वापरतात, तेव्हा विद्यापीठाच्या सूचनापत्रकात असेल तेच निवडा. आयडेंटिटीत पूर्ण आयडी, ‘@’ च्या पुढच्या भागासकट.

मग येते ती ओळ: सीए सर्टिफिकेट. इथे मुलं ‘डू नॉट व्हॅलिडेट’ निवडून मोकळी होतात. नेट चालू होतं, म्हणून कोणालाच काही वाटत नाही. पण या ओळीचं काम नेटवर्कची ओळख तपासणं हे आहे. तुम्ही पासवर्ड देऊन स्वतःची ओळख पटवता, तशी समोरच्याने सर्टिफिकेट दाखवून त्याची पटवायची. नेटवर्कचं नाव काय, कोणीही काहीही ठेवू शकतं. महाराजा सयाजीराव विद्यापीठ तर एका कुंपणात नाहीच: कलाभवन दांडिया बाजाराच्या बाजूला, संगीताचं कॉलेज सुरसागरसमोर, बरंचसं सयाजीगंज-फतेहगंजकडे, मधून वाहता रस्ता. अशा ठिकाणी चहाच्या लारीवर बसून कोणी विद्यापीठाच्याच नावाचं खोटं नेटवर्क सुरू केलं, तर तपासणी बंद असलेला फोन खिशातल्या खिशात त्याला जाऊन चिकटतो. पीईएपीमध्ये पासवर्ड उघडा जात नाही, पण त्यातून जे हाती लागतं ते फोडता येतं, हे 2012 पासून जगजाहीर आहे. टीटीएलएससोबत फेज 2 मध्ये पीएपी असेल तर पासवर्ड जसाच्या तसा समोरच्याच्या हातात. तोच पासवर्ड ई-मेलला आणि परीक्षेच्या पोर्टलला असतो, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून तिथे ‘यूज सिस्टीम सर्टिफिकेट्स’ किंवा विद्यापीठाने दिलेलं सर्टिफिकेट निवडा आणि डोमेनच्या रकान्यात पत्रकातलं नाव अक्षर न् अक्षर भरा. अँड्रॉइड 11 पासून गूगलने ती पळवाट काढून टाकायला सुरुवात केली, त्यामुळे नव्या फोनवर डोमेन रिकामं ठेवलं की ‘सेव्ह’चं बटणच उजळत नाही. त्याखाली ‘ऑनलाइन सर्टिफिकेट स्टेटस’ नावाची वेगळी ओळ असते. तिथलं ‘डू नॉट व्हॅलिडेट’ राहिलं तरी चालतं. दोन्हीकडे शब्द तेच, म्हणून गोंधळ होतो. आयफोन पहिल्या वेळी सर्टिफिकेट दाखवतो आणि खाली लाल अक्षरांत ‘नॉट ट्रस्टेड’ लिहितो. घाबरू नका, पण डोळे मिटून ‘ट्रस्ट’ही करू नका, सर्व्हरचं नाव पत्रकाशी ताडून मगच दाबा.

अर्जात मॅक अ‍ॅड्रेस (उपकरणाच्या वायफायचा ओळखपत्ता) मागत असतील तर आणखी एक खाचखळगा. अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन आपला खरा मॅक लपवून बनवलेला पत्ता वापरतात. तो ओळखण्याची खूण सोपी आहे: पत्त्यातलं दुसरं अक्षर 2, 6, ए किंवा ई असेल तर तो बनवलेला. फक्त कॅम्पसच्या नेटवर्कपुरतं प्रायव्हसीमध्ये जाऊन ‘डिव्हाइस मॅक’ निवडा. आयफोनवर ‘प्रायव्हेट वायफाय अ‍ॅड्रेस’ बंद करा. बाकी नेटवर्कांवर ती सोय चालूच ठेवा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘गेटमॅक’ टाइप केलं की पत्ता मिळतो.

हॉस्टेलमधला स्मार्ट टीव्ही, प्रिंटर, गेमचा कन्सोल यांना बहुधा युजरनेमवालं नेटवर्क जमत नाही. त्यांची मॅकवर वेगळी नोंदणी होते का ते विचारा. स्वतःचा राउटर मात्र लावू नका. हमीपत्रात बहुतेक वेळा मनाई असते आणि शेजारच्या खोल्यांचं नेटही त्याने बिघडतं.

जोडणी होत नसेल तर आधी फोनची तारीख-वेळ बघा. तारीख चुकली की सर्टिफिकेट मुदतबाह्य वाटतं. पासवर्ड बदलल्यावर प्रत्येक उपकरणावर ‘फरगेट’ करून नव्याने जोडा. ड्रॉवरमध्ये पडलेला जुना टॅब जुनाच पासवर्ड पाठवत राहतो, खातं लॉक होतं, आणि आपण नव्या फोनला दोष देत बसतो.

तुमच्या संस्थेत एज्युरोम, म्हणजे शिक्षणसंस्थांचं सामायिक वायफाय, असेल (भारतात ते अर्नेट इंडिया चालवतं) तर त्याच आयडीवर 100 हून अधिक देशांतल्या सहभागी संस्थांमध्ये वायफाय मिळतं. पण सेटिंग इथे, आपल्या कॅम्पसवर करून, एकदा चालवून बघून मगच निघा. तिथे जाऊन अडलात तर तुमचा पासवर्ड यजमान संस्थेला बदलता येत नाही. तो बदलून मिळतो बडोद्यातूनच, आणि तेही ऑफिसच्या वेळेत.