सौंदर्यस्पर्धेचा अर्ज, पात्रता, कागदपत्रं आणि विजेतीची आचारसंहिता

विजेतीने वर्षभर कसं वागायचं याचे नियम मुकुट चढल्यावर ठरत नाहीत. बहुतेक मोठ्या स्पर्धांमध्ये विजेतीच्या कराराचा मसुदा प्रवेश-अर्जाला जोडलेला असतो, नाहीतर निवड झालेल्या मुलींना पाठवलेल्या कागदांत येतो. ‘मी जिंकले तर या सर्व अटी मला मान्य आहेत’ अशा ओळीखाली अंतिम फेरीच्या आधीच सही घेतली जाते. निकालाच्या रात्री विजेती वाटाघाटीला बसली तर संयोजकांची पंचाईत होईल, म्हणून ही व्यवस्था. त्यामुळे एखाद्या कलमाचा अर्थ विचारायची, बदल मागायची वेळ अर्ज भरतानाचीच असते. पुढे ती मिळत नाही.

पात्रता

वय, नागरिकत्व किंवा वास्तव्य आणि वैवाहिक स्थिती या तीन ठिकाणी सर्वात जास्त अर्ज बाद होतात. वयाची अट वाचताना आकड्यासोबत ते कोणत्या तारखेला मोजणार हेही पाहा. कुठे अर्जाची शेवटची तारीख धरतात, कुठे अंतिम फेरीचा दिवस, तर कुठे पुढच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय फेरीची तारीख. देशातल्या स्पर्धेत वयात बसणारी मुलगी पुढच्या फेरीत बसत नाही, असं यामुळेच होतं.

एका स्पर्धेचा नियम दुसरीला लावू नका आणि मागच्या वर्षीचा अर्ज यंदा प्रमाण मानू नका. मिस युनिव्हर्सने 2023 च्या स्पर्धेपासून विवाहित, घटस्फोटित आणि आई असलेल्या स्त्रियांना प्रवेश दिला, आणि 2024 पासून वयाची वरची मर्यादा काढून टाकली. खालची 18 ची अट राहिली. याउलट मिस युक्रेन 2018 चा किताब जिंकलेल्या व्हेरोनिका दिदुसेंको हिचा मुकुट काही दिवसांतच काढून घेतला गेला, कारण ती एका मुलाची आई होती आणि घटस्फोटित होती. तिने पुढे या नियमाविरुद्ध जाहीर मोहीम उघडली. आईपणामुळे कुणी अपात्र ठरू नये हे तिचं म्हणणं आम्हाला पटतं. पण नियम अन्यायकारक वाटत असेल तर तो अर्जाच्या टप्प्यावर लेखी विचारावा. ‘तो रकाना सोडून द्या, कुणी बघत नाही’ असं तोंडी सांगणारा माणूस नंतर सापडत नाही.

कागदपत्रं

जन्मदाखला, पासपोर्ट, वास्तव्याचा पुरावा, वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र आणि अल्पवयीन गटासाठी पालकांचं संमतीपत्र हा नेहमीचा संच. घोडं अडतं ते नावावर. जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं आणि इन्स्टाग्रामवर तिसरंच नाव असेल तर अर्जात पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं लिहा, बाकीची नावं ‘इतर नावं’ या रकान्यात द्या आणि फरकाबद्दल प्रतिज्ञापत्र जोडा. पासपोर्टची मुदत परदेशातली अंतिम फेरी संपल्यानंतर किमान सहा महिने शिल्लक हवी. बरेच देश त्याशिवाय व्हिसा किंवा प्रवेश देत नाहीत.

फोटो साधारण तीन प्रकारचे लागतात: चेहऱ्याचा जवळून, कमरेपर्यंतचा आणि पूर्ण उंचीचा. साधी भिंत, खिडकीचा उजेड, केस मागे, मेकअप जवळपास नाही. फिल्टर मारलेला फोटो निवडकर्त्यांना लगेच कळतो, कारण कानाची पाळी आणि केसांची कड पुसट होते. फोटोग्राफरकडून फोटो वापरायची लेखी परवानगी घेऊन ठेवा. स्पर्धेने तो प्रसिद्धीसाठी छापला की हक्काचा प्रश्न येतो.

घोषणापत्र

सगळ्या कागदांत हाच सर्वात घाईत भरला जातो आणि हाच सर्वात महागात पडतो. यात साधारणपणे विचारतात: आधी कुठल्या एजन्सीशी किंवा ब्रँडशी करार आहे का, कुठला फौजदारी किंवा दिवाणी खटला चालू आहे का, नग्न किंवा अर्धनग्न फोटो-व्हिडिओ कधी काढले गेले आहेत का, तुमच्या नावावर कोणकोणती सोशल मीडिया खाती आहेत, बंद केलेली धरून. रकाना लहान असतो, एका ओळीचा. त्यात ‘नाही’ लिहायचा मोह होतो. तिथे ‘पुरवणी पान जोडलं आहे’ असं लिहा आणि वेगळ्या कागदावर तारखेसकट सगळं मांडा.

त्याचं कारण करारातच असतं. ‘अर्जातली माहिती खोटी किंवा अपुरी आढळल्यास किताब रद्द’ हे कलम बहुतेक करारांत असतं, आणि संयोजकांना ते वापरायला सर्वात सोपं जातं. वागणूक गैर होती की नाही यावर वाद घालता येतो; रकान्यात ‘नाही’ लिहिलं होतं यावर घालता येत नाही. आधी सांगितलेल्या गोष्टीवरून पुढे गदारोळ झाला, तर संयोजकांना ‘आम्हाला फसवलं’ म्हणता येत नाही.

चालू जाहिरात-करारांची प्रतही इथेच जोडा. स्पर्धेचा प्रायोजक एका शाम्पूचा आणि तुमचा करार दुसऱ्या शाम्पूशी, अशी टक्कर झाली तर आधी कळलेली सोडवता येते. त्यासाठी मूळ करारात तो मुदतीआधी संपवायची तरतूद आहे का, हे पाहून ठेवा.

विजेतीच्या करारात वागणुकीबद्दल काय असतं

कामाचे दिवस आणि हजेरी हा भाग नियमांमध्ये सर्वात कोरडा, पण वाद इथेच पिकतात. कार्यक्रमाचं निमंत्रण थेट विजेतीकडे आलं तरी होकार ती देत नाही. ते संयोजकांच्या कार्यालयाकडे जातं आणि तिथून लेखी मंजुरी येते. स्वतःहून घेतलेला कार्यक्रम आणि न सांगता टाळलेला कार्यक्रम, दोन्ही करारभंग ठरतात. 2009 मध्ये मिस कॅलिफोर्निया यूएसए कॅरी प्रेजीन हिचा किताब काढताना संयोजकांनी ठरलेल्या कार्यक्रमांबाबतचा करारभंग हेच कारण पुढे केलं. तिने ते अमान्य केलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. 2002 ची मिस युनिव्हर्स ओक्साना फेदोरोवा हिच्याबाबतही संयोजक म्हणाले की तिने जबाबदाऱ्या पाळल्या नाहीत, आणि ती म्हणाली की आपण स्वतः बाजूला झालो. असा ‘तू म्हणालीस, मी म्हणालो’ टाळायचा तर एक साधी नोंदवही पुरते: तारीख, ठिकाण, कोणी कळवलं, किती वाजता पोहोचलात, किती वाजता निघालात, नाकारलं असेल तर कारण आणि कळवल्याची वेळ. फोनवर काही ठरलं तर त्याच दिवशी ‘आपलं असं ठरलं’ एवढा एक ओळीचा मेल टाका.

सोशल मीडियाचा नियम मागे जाऊनही लागू होतो. मिस तुर्की 2017 इतिर एसेन हिचा किताब निकालानंतर काही तासांत काढला गेला, तो स्पर्धेआधीच्या एका ट्वीटमुळे. अर्ज करण्यापूर्वी सगळी खाती पहिल्या पोस्टपासून वाचून काढा. घाबरून सरसकट पुसू नका. स्क्रीनशॉट कुणाकडे तरी असतोच आणि पुसल्याने लपवाछपवीचा आरोप वाढतो. वादग्रस्त वाटणारी पोस्ट घोषणापत्रात नमूद करा.

मद्य, तंबाखू आणि कपड्यांबद्दलची कलमं सोपी असतात: सॅश (किताबाचं नाव लिहिलेला खांद्यावरचा तिरका पट्टा) किंवा मुकुट अंगावर असताना हातात ग्लास नको, सिगारेट नको, सॅश घालून क्लबमध्ये जाणं नको. फोटोत साधं पाणीसुद्धा दारूच्या ग्लासात दिसू नये, हा जाणत्या व्यवस्थापकांचा आग्रह असतो आणि तो योग्यच आहे. नियम मोडला की प्रत्येक वेळी मुकुट जातोच असं नाही. मिस यूएसए 2006 तारा कॉनर हिचं कायद्याने ठरलेल्या वयाआधीचं मद्यपान उघड झालं, तेव्हा तिला उपचारांची अट घालून दुसरी संधी मिळाली आणि तिने वर्ष पूर्ण केलं.

अवघड आहे ते ‘किताबाला अशोभनीय वर्तन’ हे कलम. हे शब्द मुद्दाम सैल ठेवलेले असतात आणि त्यात काहीही बसवता येतं. 1984 ची मिस अमेरिका व्हेनेसा विल्यम्स, हा किताब मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री, हिचे आधी काढलेले नग्न फोटो तिच्या संमतीशिवाय छापले गेले. जुलै 1984 मध्ये तिला राजीनामा द्यावा लागला. 2015 मध्ये संस्थेच्या प्रमुखांनी त्याच स्पर्धेच्या मंचावर तिची माफी मागितली. एकतीस वर्षांनी आलेली माफी तिचं ते वर्ष परत देत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी मागा: ‘अशोभनीय’ म्हणजे काय याची उदाहरणं, आणि विजेतीच्या संमतीविना पसरवलेल्या खाजगी चित्रांसाठी तिलाच दोषी धरलं जाणार नाही ही ओळ. सगळे संयोजक मान्य करणार नाहीत. विचारण्याने अर्ज बाद होत असेल, तर पुढच्या वर्षभरात तिथे कसं वागवलं जाईल याचा अंदाज तुम्हाला आलाच.

मुकुटाबद्दल थोडं. तो बहुधा वापरायला दिलेला असतो, मालकी संस्थेची. दोन्ही हातांनी, कडेच्या पट्टीला धरून उचलायचा, वरच्या खड्यांना नाही. टोकं दाबली की खडे सैल होतात. बसवताना आतल्या कंगव्यापाशी दोन पिना उलटसुलट लावायच्या. दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचा नाही, अगदी लहान मुलाच्या हट्टाखातरही. बऱ्याच स्पर्धांत हा लेखी नियम असतो. विमानप्रवासात तो हातातल्या बॅगेत, पेटीसकट.

संयोजकांची बाजूही करारात हवी

आचारसंहिता एकतर्फी असू नये, आणि अर्जदार मुली इथेच सर्वात कमी बोलतात. प्रवासात सोबत कोण असेल, रात्री उशिरा कार्यक्रम असेल तर परतीची सोय कोणाची, प्रायोजकाने गैरवर्तन केलं तर तक्रार कोणाकडे आणि किती दिवसांत उत्तर, मानधन कधी, कमाईत संस्थेचा वाटा किती टक्के आणि वर्ष संपल्यावर तो किती काळ चालू राहतो, हे सगळं कागदावर हवं. गोपनीयतेचं कलम नीट वाचा: पोलीस, डॉक्टर आणि वकील यांच्याशी बोलायला त्यातून स्पष्ट सूट असली पाहिजे. मे 2024 मध्ये मिस यूएसए नोएलिया व्हॉइट हिने मानसिक आरोग्याचं कारण देऊन किताब सोडला, आणि त्यानंतर अशा कलमांची जाहीर चर्चा झाली.

किताब जाण्याची किंवा सोडण्याची पद्धत

चांगल्या करारात क्रम असा असतो: आरोप लेखी कळवणं, उत्तरासाठी ठरावीक दिवस, त्या काळात कार्यक्रमांना स्थगिती, मग लेखी निर्णय. ‘संस्थेचा निर्णय अंतिम’ एवढंच छापलं असेल तर उत्तराची मुदत घालून मागा. किताब रिकामा झाला की बहुधा पहिली उपविजेती येते. 1984 मध्ये व्हेनेसा विल्यम्सच्या जागी सुझेट चार्ल्स अशीच आली आणि उरलेले काही आठवडे तिने काम पाहिलं. दरवेळी तसं होत नाही: 2024 मध्ये करोलिना शिइनो हिने जपानमधला मिस निप्पॉनचा किताब सोडला, तेव्हा त्या वर्षी तो रिकामाच ठेवला गेला. म्हणून उपविजेतीनेही आपल्या करारात पाहावं की ती किती काळ बांधील आहे आणि नकार दिला तर चालतो का.

स्वतःहून सोडायचं असेल तर आधी वकिलाला करार दाखवा, मग तारीख घालून लेखी राजीनामा द्या आणि पोच घ्या, पोस्ट त्यानंतर. मुकुट, सॅश, प्रायोजकाचे दागिने आणि कपडे परत करताना यादी करा, प्रत्येक वस्तूचा तारीख दिसेल असा फोटो काढा, निखळलेला खडा असेल तर यादीतच लिहा आणि घेणाऱ्याची सही घ्या. किताबाच्या नावाच्या खात्यांचा पासवर्ड देण्याआधी तुमचा वैयक्तिक फोन नंबर आणि मेल त्यातून काढून टाका.