ओल्या रस्त्यावरची पकड: नक्षीआधी रबर

पावसाळ्याआधी दुचाकीचा टायर बघायचा म्हणजे नक्षी किती उरली ते बघायचं, अशी आपल्याकडची रीत. ती चुकीची नाही, अपुरी आहे. ओल्यातली पकड कशी सुधारत गेली हे पाहिलं तर त्यात नक्षीपेक्षा रबराच्या मिश्रणाचा, म्हणजे कंपाउंडचा वाटा मोठा दिसतो.

सुरुवातीचे टायर नैसर्गिक रबराचे होते. काजळी (कार्बन ब्लॅक) मिसळू लागल्यावर ते काळे आणि टिकाऊ झाले, पण पाण्यावर घसरणं थांबलं नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानने रबर पिकवणारे मलाया (आजचा मलेशिया) आणि डच ईस्ट इंडीज (आजचा इंडोनेशिया) घेतल्यावर दोस्तराष्ट्रांचा रबराचा पुरवठा तुटला. मग अमेरिकेने स्टायरीन-ब्युटाडाईनचं कृत्रिम रबर मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतलं. त्याला उसळी कमी होती आणि ते लवकर तापायचं. जड ट्रकच्या टायरसाठी हा दोषच होता.

त्याच दोषाचा उपयोग १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये कळला. केंब्रिजमध्ये ग्रीनवुड आणि टेबर या संशोधकांनी वंगण लावलेल्या रबरावर कठीण गोळे सरकवून पाहिले. वंगणामुळे चिकटून धरणारं घर्षण जवळजवळ संपलं, तरी काही घर्षण उरलंच. त्यांचा निष्कर्ष १९५८ साली प्रसिद्ध झाला: रबर दाबलं जाऊन परत येताना जी ऊर्जा गमावतं, त्यातून हे घर्षण येतं. रस्त्यावर तेच घडतं. खडीचं टोक रबरात रुततं, पुढच्या बाजूने रबर त्याला अडवतं, मागच्या बाजूने मात्र ते उशिरा परतत असल्याने तेवढ्या जोराने ढकलत नाही. या दोन्हींतला फरक म्हणजे ओल्यातली पकड. ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीत बार्बरा सेबी यांनी त्याच सुमारास खडीची बाजू तपासली. टोक अणकुचीदार असेल तरच ते पाण्याचा थर भेदतं. झिजून गुळगुळीत झालेली खडी, रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणं यांवर चांगला टायरही सुटतो तो यामुळेच.

एव्हनसारख्या टायर कंपन्यांनी मग असं ‘आळशी’, म्हणजे दबल्यावर उशिरा परतणारं रबर टायरमध्ये वापरलं. पकड वाढली, पण टायर तापायचा आणि भराभर झिजायचा.

साचलेल्या पाण्याचा प्रश्न वेगळा. नासाच्या हॉर्न आणि ड्रेहर यांनी १९६३ साली विमानांच्या टायरवरून एक सूत्र मांडलं: टायर पाण्यावर तरंगू लागण्याचा वेग (मैल प्रतितास) म्हणजे हवेच्या दाबाच्या (पीएसआय) वर्गमुळाच्या १०.३५ पट. २५ पीएसआयला हा वेग येतो ताशी सुमारे ८३ किमी, १६ पीएसआयला ६७. मोटारसायकलचा गोलाकार टायर पाणी बाजूला सारतो, म्हणून तिचा प्रत्यक्ष वेग याहून जास्त असतो. पण दिशा तीच. तेव्हा ‘पावसात हवा कमी ठेवा, पकड वाढते’ हा सल्ला डांबरी रस्त्यावर उलटा पडतो: तरंगण्याचा वेग खाली येतो, चरे मिटतात आणि हँडल जड होतं. हवा टायर थंड असताना, गाडीवर लिहिलेल्या आकड्याएवढीच भरावी.

जास्त पकड आणि कमी झीज यांचं भांडण मिटवलं सिलिकाने, म्हणजे वाळूत असतो त्याच पदार्थाच्या बारीक भुकटीने. मिशलँ (मिशेलिन) या फ्रेंच टायर कंपनीने १९९२च्या सुमारास काजळीऐवजी बराचसा सिलिका घातलेला मोटारीचा टायर आणला. चाक फिरताना रबर सेकंदाला जेमतेम दहा-वीस वेळा दबतं, खडीवरून घसरताना हजारो वेळा. सिलिकाचं मिश्रण पहिल्या प्रकारात कमी आणि दुसऱ्यात भरपूर ऊर्जा गमावतं. पुढे दुचाकीच्या टायरमध्येही सिलिका आला, मधे टणक आणि कडांना मऊ असं दुहेरी मिश्रण आलं, आणि मिशलँच्या २०११च्या पायलट रोड ३ या दुचाकीच्या टायरमध्ये पाण्याचा पातळ थर कापणाऱ्या बारीक चिरा.

भारतात दुचाकी-तिचाकीसाठी चऱ्यांची किमान खोली ०.८ मिमी आहे, इतर वाहनांना १.६. ती कायद्याची तळरेषा आहे. पावसाळा तोंडावर असताना दीड मिमी उरली असेल तर टायर बदललेला बरा. चऱ्याच्या तळाशी आडवी उंच पट्टी असते. नक्षी तिच्या पातळीला आली की टायर संपला.

नक्षी भरपूर पण टायर जुना, ही फसवी स्थिती. वर्षानुवर्षं उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर कडक होतं, खडीवर दबतच नाही. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली असतील, नख रुतत नसेल किंवा चऱ्यांच्या तळाशी भेगा असतील, तर नक्षी कितीही खोल असो, टायर बदला. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो; पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गाडी बेताने झुकवा. चकाकीसाठी टायरला लावतात ते पॉलिश रस्त्याला टेकणाऱ्या भागावर कधीही लावू देऊ नका.