काल्पनिक द्वंद्व

काल्पनिक द्वंद्व : वेगवेगळ्या देशांतले, बहुधा वेगवेगळ्या शतकांतलेही दोन योद्धे समोरासमोर उभे केले तर कोण जिंकेल, हे युक्तिवादाने ठरवण्याचा प्रकार. मावळा आणि सामुराई, युरोपातला नाइट आणि मंगोल स्वार, व्हायकिंग आणि राजपूत अशा जोड्या त्यात लावल्या जातात. जोडी लावणाऱ्याने निकाल बहुतेक वेळा आधीच ठरवलेला असतो. कारणे मागाहून गोळा होतात. ‘आत्याबाईला मिशा असत्या तर’ या जातीचा प्रश्न म्हणून जाणती माणसे तो उडवून लावतात. तरी नीट विचारला तर तो शस्त्रे, चिलखते, घोडे आणि हवामान यांविषयी बरेच शिकवून जातो.

ठाण्यात हा वाद दिवाळीत रंगात येतो. नौपाड्यापासून कळव्यापर्यंत आणि खाडीपलीकडे ऐरोली-वाशीच्या सोसायट्यांत मुले मातीचे किल्ले करतात. उतारावर हळीव पेरलेले, वर महाराज, बुरुजांवर मावळ्यांची मातीची चित्रे. त्यांत कोणाच्या तरी खेळण्यांच्या डब्यातून आलेला, लोखंडी टोप घातलेला प्लास्टिकचा परदेशी शिलेदार घुसतो आणि वादाला तोंड फुटते. खरा किल्ला शहराच्या मध्यातच आहे, पण तिथे मध्यवर्ती कारागृह असल्याने पोरांना तो बाहेरूनच दिसतो. मग सगळी मदार या मातीच्या किल्ल्यावर.

पहिली अडचण ‘मध्ययुग’ या शब्दातच आहे. युरोपचे मध्ययुग साधारणपणे १५०० च्या आसपास संपल्याचे मानतात. आपल्याकडे शिवकालही मध्ययुगातच धरला जातो. त्यामुळे १४१५ च्या, फ्रान्समधल्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईतला नाइट आणि १६६० चा मावळा यांची जोडी लावली की मधली अडीचशे वर्षे गुपचूप गिळली जातात. या काळात तोडेदार, म्हणजे जळत्या वातीने उडणारी, बंदूक सर्वदूर पोचली. म्हणून वाद घालणाऱ्यांचा पहिला नियम ‘बंदूक चालणार नाही’ हा असतो, आणि तो करताच शिवकालीन योद्ध्याच्या हातातली एक खरीखुरी वस्तू काढून घेतली जाते.

चिलखताविषयी सर्वांत जास्त गैरसमज आहेत. नाइटचे पूर्ण पोलादी चिलखत साधारण २० ते २५ किलोंचे असे. ते वजन अंगभर वाटलेले असल्याने तो उठू-बसू, धावू, घोड्यावर चढू शकत असे. त्याला यारीने घोड्यावर बसवत ही निव्वळ दंतकथा. त्याची तलवारही दहा किलोंची नव्हती. दोन हातांनी धरायची लांब तलवार साधारण सव्वा-दीड किलोची असे, आणि सामुराईची कताना त्याहून फार हलकी नव्हती. खरा मुद्दा असा की पोलादी पत्रा कोणत्याच तलवारीने कापला जात नाही, कतानाने नाही आणि पट्ट्यानेही नाही. हे युरोपातल्या लढवय्यांनाही पक्के ठाऊक होते. फिओरे देई लिबेरी या इटालियन शस्त्रगुरूच्या १४१० च्या सुमारच्या हस्तलिखितात, डाव्या हाताने स्वतःच्याच तलवारीचे पाते मध्यावर धरून तिचे टोक भाल्यासारखे काखेत किंवा टोपाच्या फटीत खुपसण्याचे डाव चित्रांसह दाखवले आहेत. पत्र्याशी भांडायचे नाही, फटी शोधायच्या, एवढेच त्यातले तत्त्व.

मग दांडपट्ट्याचे काय? हा ठाणेकरांचा लाडका प्रश्न. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते आणि लांब, लवचीक पाते हाताचाच भाग होऊन फिरते. मनगट मात्र बंदिस्त होते, त्यामुळे सारा खेळ खांदा, कंबर आणि पायांचा. एकट्याने अनेकांना अंतरावर ठेवण्यात त्याला तोड नाही. कापडी किंवा हलक्या चिलखतातल्या माणसापुढे तो भयंकर. पोलादात बंद असलेल्या एकट्या माणसापुढे मात्र त्याचे बरेचसे वार घसरतील. हे ऐकून काहींना राग येतो, पण पट्टा त्या कामासाठी घडवलेलाच नव्हता. त्या कामाला विटा बरा : दोरी बांधलेला भाला, फेकून पुन्हा ओढून घ्यायचा.

सामुराईच्या बाबतीतही प्रतिमा एकीकडे आणि वस्तुस्थिती दुसरीकडे. १२७४ आणि १२८१ मध्ये मंगोलांशी लढणारा सामुराई आधी घोड्यावरचा तिरंदाज होता. तलवार हे जवळच्या झटापटीचे दुय्यम शस्त्र. पुढे भाला आला, आणि १५४३ मध्ये पोर्तुगीजांनी तानेगाशिमा बेटावर बंदूक पोचवली. त्याच पोर्तुगीजांना १५३४ मध्ये वसई मिळाली होती आणि ठाण्याची खाडीही त्यांच्या ताब्यात गेली होती. सामुराई आणि मराठा एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण दोघांशी व्यवहार केलेला तिसरा आपल्याच खाडीत नांगर टाकून होता. मराठ्यांनी त्याचे सरळ युरोपीय पाते उचलले, त्याला आपली मूठ आणि परज बसवली आणि त्या तलवारीला फिरंग म्हटले. तेव्हा ‘आपली तलवार की त्यांची’ या वादात पाते कोणाचे, हे आधी विचारावे.

जागा आणि ऋतू यांचा विचार बहुतेक कोणी करत नाही. ११८७ च्या जुलैत हत्तीन येथे जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याचे सैन्य सुलतान सलाहुद्दीनपुढे कोसळले, त्यात उन्हाचा आणि तहानेचा वाटा मोठा होता. पत्र्याचे चिलखत घातलेला नाइट वैशाखात पारसिकच्या डोंगरावर चढवला, तर मावळ्याला पहिला अर्धा तास फक्त दूर राहायचे आहे. उलट उत्तर फ्रान्समधल्या हिवाळ्यात, आखलेल्या रिंगणात हाच मावळा उभा केला, तर त्याची बाजू पडती.

प्रत्यक्षात झालेली द्वंद्वे पाहिली तर ती फारशी एकास एक नव्हती, नाहीतर नियमांनी जखडलेली होती. स्कँडिनेव्हियातल्या ‘होल्मगांग’ या द्वंद्वप्रकारात अंथरलेल्या कापडावर लढायचे आणि प्रत्येकाला तीन ढाली मिळायच्या. २९ डिसेंबर १३८६ रोजी पॅरिसमध्ये झां द कारूज आणि जाक ल ग्री यांच्यात न्यायालयाच्या परवानगीने झालेले द्वंद्व हा खटल्याचाच भाग होता; ल ग्रीने कारूजच्या पत्नीवर बलात्कार केल्याचा आरोप होता. कारूज जिंकला, हरता तर त्याच्या पत्नीला खोटी साक्ष दिली म्हणून जाळले जाणार होते. परंपरेनुसार १६१२ मध्ये जपानी तलवारबाज मियामोतो मुसाशीने सासाकी कोजिरोला मारले ते लाकडी तलवारीने, कारण त्याने ती प्रतिस्पर्ध्याच्या पात्याहून लांब करून घेतली होती.

आपल्याकडचे सर्वांत गाजलेले उदाहरण १० नोव्हेंबर १६५९ चे, प्रतापगडाच्या पायथ्याचे. महाराज आणि अफझलखान यांची ती भेट एकास एक वाटते, पण दोन्ही बाजूंना दहा-दहा अंगरक्षक होते आणि रानात फौज दबा धरून होती. महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातले होते. खानाचा वार त्यावर घसरला. खानाचा अंगरक्षक सय्यद बंडा याचा वार जिवा महालाने अडवला, म्हणून ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’. बरोबरीचा सामना व्हावा अशी इथे कोणाचीच इच्छा नव्हती, आणि ते योग्यच होते.

खऱ्या अर्थाने बरोबरीचे द्वंद्व पाहायचे तर ४ फेब्रुवारी १६७० ची कोंढाण्यावरची रात्र. सभासदाच्या बखरीप्रमाणे तानाजीची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा त्याने डावा हातच ढालीसारखा पुढे केला आणि उदेभानाशी लढला. दोघेही पडले. काल्पनिक द्वंद्वाच्या वादांत ‘दोघेही’ हा निकाल जवळजवळ कधीच निघत नाही. धारदार शस्त्रे घेऊन दोन कसलेली माणसे भिडली, तर तो सर्वांत संभवनीय निकालांपैकी एक असतो.

ठाण्याच्या किल्ल्याची गोष्ट तर द्वंद्वाच्या पार उलट आहे. मार्च १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या उत्तर कोकण मोहिमेत तो मराठ्यांकडे आला, तेव्हा पोर्तुगीजांचे त्याचे बांधकाम पुरे व्हायचे होते. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या स्थानिक माणसांनी मोहिमेआधी केलेली जुळवाजुळव त्यात कामी आली. वसई पडायला १७३९ चा मे महिना उजाडला, तोही वेढा, तोफा आणि सुरुंग लावून. या मोहिमेवरून मातीच्या किल्ल्यावर खेळ मांडायचा तर एका मावळ्यापुढे एक शिलेदार ठेवून भागत नाही. बांधकाम अर्धवट राहिलेली बाजू कुठली हे माहीत असलेला गावकरी त्यात लागतो, आणि त्याचे चित्र बाजारात मिळत नाही.