‘सेफगार्डिंग’ मराठीत कसे सांगायचे? बालमदत संस्थांच्या अंतर्गत संवादाची पार्श्वभूमी

आंतरराष्ट्रीय बालमदत संस्थेच्या अंतर्गत संवाद विभागात, म्हणजे आपल्याच कर्मचाऱ्यांशी बोलणाऱ्या विभागात, काम करणाऱ्याच्या टेबलावर आज बरेच काही येते. टाउनहॉलची, म्हणजे सर्व कर्मचाऱ्यांच्या सभेची, टिपणे, संचालकांची पत्रे, नव्या धोरणाचे पोस्टर, आणि कधी दूरच्या देशातला सहकारी मारला गेल्याची बातमीही. यातले बहुतेक काम गेल्या पंधरा वर्षांत वाढले. त्याआधी ते मनुष्यबळ विभागातले कुणीतरी किंवा संचालकांचा सचिव उरकत असे. ‘सेफगार्डिंग’, म्हणजे संस्थेच्याच माणसांपासून मुलाला धोका होऊ न देणे, हा शब्द मराठीत सांगण्याचे अवघड कामही याच टेबलावर येते; तो गुंता कळायला आधी थोडी पार्श्वभूमी हवी.

जुना काळ थोडक्यात सांगता येतो. पहिले महायुद्ध संपले तरी मध्य युरोपची नाकेबंदी उठली नव्हती. उपाशी मुलांची छायाचित्रे असलेली पत्रके लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात वाटल्याबद्दल १९१९ मध्ये एका बाईंना पाच पौंड दंड झाला. त्याच वर्षी त्यांनी आपल्या बहिणीसोबत मुलांसाठी निधी उभारला आणि पुढच्या वर्षी जिनिव्हात त्याची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. राष्ट्रसंघाने १९२४ मध्ये स्वीकारलेला पाच कलमांचा बालहक्क जाहीरनामाही याच बाईंच्या लेखणीतून उतरला. १९५९ चा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क जाहीरनामा, १९८९ चा बालहक्क करार आणि भारताने तो स्वीकारला ते १९९२, हे पुढचे टप्पे या क्षेत्रातल्या वाचकाला पाठ आहेत. इथे महत्त्वाचे एवढेच की, त्या काळी सारे बोलणे बाहेरच्या जगाशी होते. देणगीदाराला पत्रिका जायची, सरकारला निवेदन जायचे. आतल्या माणसाला हुकूम मिळायचा, तोही तारेने.

एक अपवाद सांगायला हवा. १९३७ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात एका संस्थेने बालपालकत्वाची पद्धत सुरू केली. दूरदेशीचा पालक एका ठरावीक मुलासाठी पैसे पाठवायचा आणि दोघांची पत्रे एकमेकांना जायची. ती जमा करणे, उलथून-पालथून वाचणे, भाषांतर करणे आणि नको ते वगळणे हे काम स्थानिक कार्यालयांकडे आले. मुलाच्या शब्दांना जपून हाताळायची सवय या संस्थांना तिथे लागली. आजच्या अंतर्गत संवादाची खरी आजी मला पत्रे भाषांतर करणाऱ्या त्या अनाम कारकुनांमध्ये दिसते.

मोठा बदल २०११ च्या सुमारास झाला. तोवर एका मोठ्या बालमदत संस्थेच्या ब्रिटिश, अमेरिकी, नॉर्वेजियन, स्वीडिश अशा स्वतंत्र शाखा आपापले प्रकल्प चालवत होत्या. एकाच देशात एकाच नावाच्या दोन-तीन पाट्या लागलेल्या असत आणि प्रत्येकीचा पगार, नियम, शिक्का वेगळा असे. हे सगळे एका आंतरराष्ट्रीय व्यवस्थापनाखाली आणायचे ठरले. काल ज्याचा साहेब एका देशात बसायचा त्याचा साहेब आज लंडनच्या अखत्यारीत आला. हे हजारो माणसांना, ड्रायव्हर आणि रखवालदारांसकट, सांगायचे कुणी आणि कोणत्या भाषेत? इंट्रानेट, मासिक पत्र, देशोदेशीचे संवाद समन्वयक ही यंत्रणा या गरजेतून वाढली. मजकूर साधारणपणे इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश आणि अरबी या भाषांत निघू लागला. त्याखालच्या भाषांचे काय करायचे, हे त्या त्या देशातल्या कार्यालयावर, म्हणजे कंट्री ऑफिसवर, सोडले गेले. पुढच्या गुंत्याचे मूळ त्या निर्णयात आहे.

नोव्हेंबर २०१४ मध्ये या यंत्रणेला पहिला मोठा धक्का आतूनच बसला. एका बालमदत संस्थेच्या अमेरिकी शाखेने इराक युद्धाशी नाव जोडलेल्या एका माजी पंतप्रधानांचा न्यूयॉर्कमध्ये गौरव केला. शाखाशाखांतल्या शेकडो कर्मचाऱ्यांनी वरिष्ठांना पत्र लिहून विरोध नोंदवला आणि ते पत्र वर्तमानपत्रात पोचले. ज्या देशांत युद्धामुळे काम करणे कठीण झाले होते, तिथल्या माणसांना हा निर्णय बातमीतून कळावा, हे माझ्या मते पुरस्कारापेक्षाही बोचणारे होते. अंतर्गत पत्र आता अंतर्गत राहत नाही, हा धडा त्या वेळी सगळ्यांनी घेतला.

मग २०१८ उजाडले. २४ जानेवारीला अफगाणिस्तानात जलालाबाद इथे एका बालमदत संस्थेच्या कार्यालयावर हल्ला झाला आणि सहकारी मारले गेले. कोण सुखरूप आहे याची मोजदाद, घरच्यांना कळवणे, जगभरच्या कार्यालयांना एकच मजकूर पाठवणे यात या विभागाच्या रात्री गेल्या. दोनच आठवड्यांनी लंडनच्या एका दैनिकाने हैतीतले प्रकरण छापले. २०१० च्या भूकंपानंतर तिथे गेलेल्या दुसऱ्या एका मदत संस्थेच्या लोकांनी केलेले लैंगिक शोषण त्यात होते. पाठोपाठ बालमदत संस्थांतल्या वरिष्ठांच्या वागणुकीच्या जुन्या तक्रारीही बाहेर आल्या. मार्च २०२० मध्ये ब्रिटनमधल्या धर्मादाय संस्थांच्या नियामकाने अशा एका संस्थेच्या हाताळणीत गंभीर चुका झाल्याचे नोंदवले. २००२ मध्येही पश्चिम आफ्रिकेतल्या निर्वासित छावण्यांबद्दल असाच अहवाल आला होता आणि २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी त्यावर नियम काढले होते. नियम होते, पण खालच्या माणसापर्यंत ते त्याच्या भाषेत गेले नव्हते.

आता त्या शब्दाकडे वळू. २०१८ नंतर प्रत्येक भिंतीवर, प्रत्येक करारात ‘सेफगार्डिंग’ आले. हा शब्द ब्रिटिश घरगुती कायद्यातला. १९८९ च्या तिथल्या बालक कायद्याने स्थानिक प्रशासनावर मुलांचे हित ‘सेफगार्ड’ करण्याची जबाबदारी टाकली आणि पुढे तो शिक्षक, समाजसेवक, पोलिस यांच्या रोजच्या बोलण्यात रुळला. मदत संस्था आधी आपल्या आचारसंहितेला ‘चाइल्ड प्रोटेक्शन पॉलिसी’च म्हणत. पण त्याच नावाचे कार्यक्रमही त्या चालवत होत्या, म्हणजे बालविवाह, बालमजुरी, हरवलेली मुले. म्हणून अनेकींनी नाव बदलले. बाहेरच्या धोक्यांपासून मुलाला वाचवणे ते ‘प्रोटेक्शन’, आणि आपल्याच माणसांपासून, आपल्याच कामापासून मुलाला धोका होऊ न देणे ते ‘सेफगार्डिंग’. इंग्रजीत ही रेघ कशीबशी ओढता आली. फ्रेंच आणि स्पॅनिशमध्येही ओढाताण झाली, कारण तिथे ‘प्रोटेक्शन’चीच भावंडे दोन्ही कामांना वापरात होती.

मराठीत ती रेघ पुसलीच जाते. ‘बालसंरक्षण’ हा शब्द सरकारने घेऊन टाकलेला आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, ग्राम बाल संरक्षण समिती अशा पाट्या तालुक्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाहिलेल्या असतात. त्यामुळे कार्यालयात ‘बालसंरक्षण धोरण’ असे पोस्टर लावले की अंगणवाडीशी काम करणारा गडी समजतो, हे गावातल्या बालविवाहाबद्दल आहे, आपण तर रोज तेच करतो. बोट त्याच्याकडेही वळले आहे, हे त्याला कळतच नाही. ‘सुरक्षा’ म्हटले की वॉचमन आठवतो, शिवाय कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेचा विभाग वेगळा असतोच. ‘सुरक्षितता’ म्हटले की हेल्मेट आणि सीसीटीव्ही. ‘बाल सुरक्षितता’ हा तडजोडीचा शब्द काही ठिकाणी चालतो, पण तो उच्चारला की समोरच्याचा चेहरा कोरा राहतो. शेवटी इंग्रजी शब्दच देवनागरीत छापतात आणि तो फक्त ज्यांना आधीच माहीत आहे त्यांना कळतो.

गुंता इथेच थांबत नाही. २०१८ नंतर ब्रिटिश देणगीदारांनी या शब्दाची व्याप्ती वाढवली आणि मुलांबरोबर वस्तीतली प्रौढ माणसे व काही ठिकाणी कर्मचारीही त्यात आले. संयुक्त राष्ट्रांच्या कागदांत मात्र ‘लैंगिक शोषण व अत्याचार’ हा वेगळा गट राहिला आणि सहकाऱ्याने सहकाऱ्याचा केलेला लैंगिक छळ हा तिसरा. भारतात तिसऱ्यासाठी २०१३ चा कायदा आणि अंतर्गत समिती आहे, मुलांसाठी २०१२ चा पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, आहे. म्हणजे लंडनहून आलेले एक पोस्टर इथे तीन वाटांनी जाते आणि त्यावर फोन नंबर एकच असतो.

पॉक्सोची वाट सर्वांत काटेरी. कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्याला कळले त्याने ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि संस्थाप्रमुखाने हाताखालच्याचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. संस्थेचे धोरण मात्र सहसा सांगते की, ठरावीक तासांत आमच्या फोकल पॉइंटला, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या माणसाला, कळवा, बाकी कुठे बोलू नका, पीडिताची इच्छा आधी विचारा. दोन्हींमागे विचार आहे. पण पोस्टरवर पहिली ओळ कोणती छापायची? संस्थेचा नंबर आधी छापला तर कार्यकर्त्याला वाटते, सांगितले, आपले काम झाले. पोलिसांचा आधी छापला तर गरीब घरातली आई मागे सरते. माझे मत असे की, कायद्याची ओळ आधी आणि ठळक यावी. मुख्यालयाने मंजूर केलेला नमुना मोडावा लागला तरी हरकत नाही. मुंबईत १९९६ मध्ये सुरू झालेली १०९८ ही हेल्पलाइन लोकांना तोंडपाठ आहे. ती त्याच पोस्टरवर असायलाच हवी, कारण तक्रार संस्थेविरुद्धच असेल तेव्हा संस्थेबाहेरचा नंबर लागतो.

शब्दांचा एक धागा आणखी आहे. ‘तक्रार करा’ म्हटले की माणूस बिचकतो. त्याला ठाणे, कागद आणि गेलेली नोकरी दिसते. आपल्याकडे वर जाऊन सांगणाऱ्याला चहाडखोर म्हणतात आणि ते नाव जन्मभर चिकटते. मराठी वृत्तपत्रांनी ‘व्हिसलब्लोअर’साठी ‘जागल्या’ हा शब्द पुन्हा वापरात आणला. रात्री गावाची राखण करणारा, हाळी देणारा जागल्या. इतका नेमका शब्द घरात असताना धोरणांच्या भाषांतरांत तो मला क्वचितच दिसला आहे. आणि ‘सेफगार्डिंग’साठी तर एका शब्दाचा हट्टच सोडावा. ‘आपल्यापैकी कुणाच्याही वागण्याने मुलाला त्रास होऊ नये, आणि होत असेल तर गप्प बसू नका’ एवढे वाक्य पोस्टरवर मावते. मदत क्षेत्रातल्या, लैंगिक शोषणाविरुद्धच्या सहा मूळ नियमांची सोप्या भाषेतली आवृत्ती शंभरहून अधिक भाषांत काढताना भाषांतरकारांनी हीच वाट धरली आणि अवघड संज्ञांच्या जागी साधी वाक्ये आली.

या कामाला पैसा किती, हा प्रश्न त्यानंतरचा. सप्टेंबर २०२० मध्ये भारताने परकीय देणगी कायदा बदलला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देणे बंद झाले. टपाल, फोन, छपाई हे त्या प्रशासकीय खर्चातच धरले जाते. अंतर्गत पत्रके आणि भाषांतरे या २० टक्क्यांत बसवावी लागतात. शिवाय आधी जी पार्टनर संस्था करारामुळे हे धोरण पाळायला बांधील होती, तिच्याशी तो धागाही तुटला.

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने परकीय मदत ९० दिवसांसाठी थांबवण्याचा आदेश काढला आणि काही दिवसांतच जगभर काम थांबवण्याची पत्रे गेली. मार्चमध्ये ‘यूएसएड’ या अमेरिकी सरकारच्या मदत यंत्रणेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचे जाहीर झाले. अंतर्गत संवादाच्या माणसांनी आपल्या सहकाऱ्यांना नोकरी गेल्याचे निरोप लिहिले, आणि काहींचे स्वतःचे पदही त्याच यादीत होते. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला, २०१६ पासून काही मोठ्या संस्था वापरत असलेला एका समाजमाध्यम कंपनीचा कार्यालयीन मंच रोजच्या वापरासाठी बंद झाला. तिथे वस्तीपातळीचा कार्यकर्ता थेट वरच्या संचालकांना प्रश्न विचारू शकत असे.

प्रकल्प गुंडाळला की त्याचा फोकल पॉइंटही जातो. शाळेच्या व्हरांड्यात, आरोग्य केंद्राच्या भिंतीवर चिकटवलेले पोस्टर मात्र तिथेच राहते, त्यावर त्याचा मोबाइल नंबर असतो. ते काढायचे किंवा नंबर बदलायचा, ही ओळ प्रकल्प बंद करण्याच्या यादीत घालावी, अशी मागणी या विभागातल्या लोकांनी आता लावून धरायला हवी.